दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची गाडी

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे. जुळे सोलापुरात घर, चिंचोळी एमआयडीसीत नोकरी. जाऊन-येऊन रोज चाळीस किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस. आतापर्यंत आप्पांची जुनी गाडी वापरली, आता ती थकली. मला गिअरची, जरा ताकदीची हॅचबॅक घ्यायची आहे, कॉलेजपासूनचं वेड आहे. नवी ह्युंदाई आय-२० एन लाइन बघितली, सहा गिअरची. नाहीतर पुण्यात २०२१ची एक फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय हेरून ठेवली आहे, ५२ हजार चाललेली. आप्पा म्हणतात, "रोजच्याला पायजे की शर्यतीला बे? ऑटोमॅटिक घे, नाहीतर सीएनजी घे." ऑफिसातले म्हणतात, सहा महिन्यांत डावा पाय धरेल. बायको म्हणते, "तुमची हौस आहे, तुम्हीच चालवा." आईचे गुडघे दुखतात आणि महिन्यातून एकदा तुळजापूर नाहीतर अक्कलकोट ठरलेलं. अशी गाडी रोज वापरायला घेणं हा मूर्खपणा आहे का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. गाडी घ्या. गिअरचीच घ्या. पुण्याची पोलो बघायला जरूर जा, तिच्यात बसा, दार लावताना येणारा तो दणकट आवाज ऐका, आणि तिला नमस्कार करून परत या. बुकिंगचे पैसे भरण्याआधी मात्र एक काम करायचं आहे, ते शेवटी सांगतो.

मी स्वतः अशीच एक टर्बो पेट्रोल (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली), पाच गिअरची हॅचबॅक सात वर्षं रोज वापरतोय. ९० हजार किलोमीटर झाले. कुठली ते सांगत नाही, कारण पुढे तिची गाऱ्हाणीही येणार आहेत आणि घरातलं गाऱ्हाणं सांगताना नाव न घेतलेलं बरं.

आधी तुमचा रस्ता बघू. निम्मं उत्तर तिथेच आहे. जुळे सोलापुरातून निघालात की सैफुल, आयटीआय, पत्रकार भवन, सात रस्ता, मग पुणे नाका. सकाळी साडेआठला हा पट्टा कसा असतो ते मी तुम्हाला काय सांगणार! शाळेच्या रिक्षा, मध्येच यू टर्न घेणारा दुधवाला, हात न दाखवता वळणारी स्कूटी. दुसरा, तिसरा, परत दुसरा, मध्येच पहिला. बाळे ओलांडलं की केगाव, विद्यापीठ, आणि तिथून चिंचोळीपर्यंत हायवे. पाचवा-सहावा टाकायचा आणि पाय सैल सोडायचा. म्हणजे निम्मं शहर, निम्मा हायवे. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाला याहून मानवणारं रोजचं काम नाही.

का ते सांगतो. तुम्ही बघितलेल्या दोन्ही गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं. इंजिन थंड असताना त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. गाडी वीस-पंचवीस मिनिटं नीट तापून चालली की ते उडून जातं. रोज दोन किलोमीटर जाऊन बंद केली तर ते तिथेच साठत जातं आणि ऑइल पातळ होतं. शिवाय आत हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवारा पडत नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि काजळी धरतात. नवी पेठेत राहून चाटी गल्लीतल्या दुकानाला जाणाऱ्याने मला हाच प्रश्न विचारला असता, तर मी त्याला सरळ स्कूटर घ्यायला सांगितली असती. तुमचं इंजिन रोज दोनदा पुरतं तापतं. तुम्ही त्या बाबतीत नशीबवान आहात.

आता डाव्या पायाचं. ऑफिसातली मंडळी अगदीच खोटं बोलत नाहीत, पण पाय कशाने धरतो ते त्यांनी सांगितलेलं दिसत नाही. क्लच दाबून पाय दुखत नाही, दाबून ठेवल्याने दुखतो. सिग्नलला उभे राहाल तेव्हा आजूबाजूला बघा. गाडी पहिल्या गिअरात, क्लच तळाला टेकलेला, आणि माणूस मिनिटभर तसाच ताठ बसलेला. सिग्नल लाल दिसला की न्यूट्रल करा आणि पाय क्लचशेजारच्या पट्टीवर ठेवा. ती पट्टी कंपनीने शोभेला दिलेली नाही. पुलाच्या चढावर गर्दी थांबली तर हँडब्रेक ओढा. हाफ क्लचवर गाडी झुलवत ठेवणं हे ड्रायव्हिंगचं कसब आहे असा आपल्याकडे समज आहे. ते क्लच प्लेट भाजण्याचं कसब आहे.

मला हे फुकट कळलेलं नाही. पहिली काही वर्षं मी चालत्या गाडीत पाय क्लचवर नुसता टेकवून ठेवायचो, का कोण जाणे. दाबत नव्हतो, टेकवत होतो. चाळीस हजार किलोमीटरला गाडी चौथ्या गिअरात ओढेनाशी झाली; पाय दिला की इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा आरपीएमचा काटा वर पळायचा आणि गाडी जिथल्या तिथे. फिटरने गिअरबॉक्स उतरवला आणि जुनी प्लेट माझ्या हातात ठेवली. करपल्याचा वास अजून येत होता. अस्तर इतकं झिजलं होतं की रिबिटांची डोकी वर आली होती. अंगठ्याचं नख फिरवलं तर प्रत्येक रिबिटाला अडखळत होतं. "साहेब, अजून पंधरा दिवस चालवला असता की फ्लायव्हील खाल्लं असतं बघा," तो म्हणाला आणि हसला. मी हसलो नाही, कारण प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून आकडा मला आधीच कळला होता. नवीन प्लेटला आज पन्नास हजार किलोमीटर झालेत आणि ती ठणठणीत आहे. गाडी तीच, रस्ता तोच, पाय पट्टीवर.

आणि आप्पांना वाटत असेल की ऑटोमॅटिकला क्लचची भानगड नाही, तर त्यांना सांगा : एन लाइनच्या ऑटोमॅटिकमध्ये एक सोडून दोन क्लच असतात. फक्त ते पायाऐवजी कॉम्प्युटर दाबतो.

बरं, मग अशी गाडी घ्यायची कशासाठी? वेगासाठी म्हणाल तर घेऊच नका. हे मी विचारायला येणाऱ्या प्रत्येक तरुणाला सांगतो, आणि तो मान डोलावून तिथल्या तिथे विसरतो. हायवेला शंभरने कुठलीही गाडी जाते, आप्पांची थकलेली गाडीसुद्धा जात होती. या गाडीची मजा तीस ते सत्तरमध्ये आहे. विजापूर रोडवरून आत वळताना थोडा ब्रेक, तिसऱ्यातून दुसरा, आणि वळण सुटता सुटता पाय दिला की गाडी बैलासारखी खांदा लावते. तुळजापूरच्या घाटात ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरात वाट बघत राहायचं. पुढचं मोकळं दिसलं की गिअर न बदलता सुटायचं. एन लाइनचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, १७२ न्यूटन मीटर आहे आणि तो १,५०० पासून ४,००० आरपीएमपर्यंत टिकतो, म्हणजे आपण रोज जिथे वावरतो त्याच पट्ट्यात. १२० पीएस ताकद मिळते ६,००० आरपीएमला. तिथे तुम्ही वर्षातून चार वेळा जाल. म्हणून मी हिला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची गाडी म्हणतो. सहाव्यासाठी ती घेणारा पैसे वाया घालवतो.

रात्रपाळी करून परतत असाल तर आणखी एक. नोव्हेंबर ते मार्च साखर कारखाने चालू असतात. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या, ना मागे दिवा ना रिफ्लेक्टर, वरून लोंबणारी पाचट, आणि समोरून येणाऱ्याचा हाय बीम. तिथे १२० पीएस काही कामाचे नाहीत. चारही चाकांचे डिस्क ब्रेक कामाचे, पण ट्रॉली आधी दिसली तर. त्या पाच महिन्यांत मी अंधार पडल्यावर सत्तरच्या वर जात नाही, आणि माझे मित्र मला हसतात.

इथे आप्पांचा एक धडा मात्र विसरावा लागेल. त्या पिढीने आपल्याला शिकवलं, "चाळीसला टॉप टाक, पेट्रोल वाचतं." जुन्या साध्या इंजिनात ते खपून जायचं. छोट्या टर्बोत हजार-बाराशे आरपीएमवर वरच्या गिअरात पाय दाबला की टर्बो हवा कोंबायला लागतो, इंजिन मात्र रेंगाळत फिरत असतं, आणि आतलं मिश्रण ठिणगी पडायच्या आधीच पेट घेऊ शकतं. बाहेर आवाज येतो तो डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखा. हे वारंवार झालं तर पिस्टनला महागात पडतं. गाडी घरघरली की एक गिअर खाली या, इतकंच. सकाळी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं तीन हजार आरपीएमच्या वर नेऊ नका. हायवेवरून दामटत आलात तर बंद करण्याआधी अर्धं मिनिट चालू राहू द्या, टर्बो तापलेला असतो. कंपनीच्या गेटावर वॉचमन डिकी उघडून बघेपर्यंत तेवढा वेळ आपोआप जातो.

अ‍ॅव्हरेज तुम्ही विचारलं नाहीत, आप्पा विचारतील. माझी गाडी शहरात बारा-तेरा देते, हायवेला सतरा-अठरा. तुमचं रोजचं धरलं तर महिन्याला हजारभर किलोमीटर, म्हणजे सत्तर लिटरच्या आसपास पेट्रोल. सीएनजीशी याची बरोबरी होत नाही. होते असं सांगून आप्पांना गुंडाळू नका, त्यांना हिशेब तुमच्याहून चांगला येतो. त्यांना हे सांगा : तृतीय पक्ष विम्याचा दर इंजिनाच्या आकारावर ठरतो, ताकदीवर नाही. एन लाइनचं इंजिन ९९८ सीसीचं, म्हणून जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ती २,०९४ रुपये वर्षाच्या गटात बसते; हजार सीसी ओलांडली की तोच आकडा ३,४१६. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याआधी सेस धरून २९ होता. शर्यतीची म्हणून आप्पा जिला नावं ठेवतात, ती सरकारच्या लेखी छोटीच गाडी आहे.

आता जिथे ही गाडी खरोखर त्रास देते ते. टायर.

एन लाइनला १९५/५५ आर१६ टायर येतात. यातला १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, मधला ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ असतो, त्याची भिंत १३२ मिलिमीटर. फरक एका इंचाचा. त्या एका इंचात आपल्या शहरातला प्रत्येक खड्डा राहतो. टायर जितका बसका तितकी गाडी वळणावर घट्ट, आणि तितकाच खड्ड्याचा दणका थेट रिमला. पाणीपुरवठ्यासाठी, ड्रेनेजसाठी रस्ता उकरतात, माती लोटून बुजवतात, आणि पहिल्या पावसात तिथे तळं होतं. तळ्याखाली काय आहे ते गाडीला आधी कळतं, तुम्हाला नंतर. माझी दोन रिम वाकली, एका टायरला कडेला लिंबाएवढा फुगा आला. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, कुणी कितीही सांगो. तो काढून टाकायचा.

आणि गतिरोधक. आमच्या गल्लीत एका अपघातानंतर लोकांनीच वर्गणी काढून एक घातला. वर पांढरा पट्टा नाही, दोन्ही बाजूंना उतार नाही, नुसती सिमेंटची वरवंट्यासारखी गोलाई. एकटा असलो की गाडी सुखरूप जाते. पाच माणसं आणि डिकीत सामान असलं की मागची बाजू बसते आणि पोटाखालून 'खर्रर्र' असा आवाज येतो. तो आवाज ऐकून मागे बसलेली माझी आई प्रत्येक वेळी "देवा" म्हणते. मी आता मागच्या दोघांना उतरवतो, तिरकी घालून एकेक चाक वर चढवतो, आणि पलीकडे जाऊन त्यांना परत बसवतो. शेजारी बघत असतात. सवय होते. पण तुमच्या गल्लीतही असा वरवंटा असेल तर खालचं ऑइलचं चेंबर फुटण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

उन्हाळ्याचं थोडक्यात. आपल्याकडे मेमध्ये पारा ४३-४४ला टेकतो. आत सगळं काळं, लाल दोऱ्याची शिलाई, दिसायला झकास. दुपारी दोनला कंपनीच्या पार्किंगमधून काढाल तेव्हा गिअरचा नॉब धरवत नाही. मी नॉबला जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा गुंडाळतो. स्पोर्टी गाडीचा पार मामा होतो, हात मात्र वाचतो. काळी फिल्म लावायचा मोह होईल. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे, हे दुकानदार सांगत नाही. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना भरा. तापमान दहा अंशांनी चढलं की दीड-दोन पाउंड हवा आपोआप वाढते, म्हणून दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते आणि पंपावरचा पोरगा ती सोडून देतो. नायट्रोजनला पैसे द्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. साध्या हवेत तो मुळातच ७८ टक्के असतो.

आता पोलो. फोक्सवॅगनने ती इथे २०१० ते २०२२ अशी बारा वर्षं विकली. १.० टीएसआय म्हणजे ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर आणि सहा गिअर; चालवायला आजही तिच्या तोडीची फारशी सापडत नाही. घरात दुसरी गाडी असती तर मीच तुम्हाला म्हटलं असतं, घेऊन टाका. पण ही तुमची एकमेव गाडी होणार आहे आणि सोमवारी सकाळी ती सुरू व्हायलाच हवी. ५२ हजारांतले बरेचसे पुण्याच्या गर्दीत गेलेत, म्हणजे क्लचचं निम्मं आयुष्य कुणाच्या तरी डाव्या पायाखाली संपलंय. दुसरं, या जातीच्या गाड्या हौशी हातांतून जातात. ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची, दोन वर्षं मजा करायची आणि विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकायचं. बघणाऱ्याला काही कळत नाही, इंजिनाला मात्र सगळं ठाऊक असतं. आणि एखादा पार्ट मागवून घ्यावा लागला तर गाडी चार दिवस उभी, तुम्ही कंपनीच्या बसला.

तरीही मन ऐकत नसेल, तर एवढं करा. मालकाला सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर काहीतरी झाकायचंय. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरात हळूहळू क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. घरघरत चालू राहिलं तर प्लेटचे पैसे किमतीतून कापा. टाकीच्या झाकणाच्या आत आणि पुस्तिकेत ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलबद्दल काय लिहिलंय ते वाचा. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या त्या हिशेबाने येतात, आधीच्या गाडीचं तपासून घ्यावं लागतं. गाडी एमएच-१२ आहे, तुम्हाला एमएच-१३ ला आणायची, तेव्हा फॉर्म २८ची एनओसी, मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडीवर कर्ज होतं असेल तर बँकेचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ पण.

एन लाइनही सेकंडहँड बघणार असाल तर एक खड्डा दाखवून ठेवतो. ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली तेव्हा साधा मॅन्युअल नव्हताच. आयएमटी नावाचा प्रकार होता : गिअरचा दांडा आहे, क्लचचं पेडल नाही. तीन पेडलवाला सहा गिअरचा मॅन्युअल सप्टेंबर २०२३ मध्ये आला. जाहिरातीत दोघांनाही 'मॅन्युअल' लिहितात. माझ्या ओळखीतला एकजण फोनवर सौदा ठरवून पुण्याला गेला, दार उघडलं आणि डावा पाय हवेत फिरवत बसला.

आणखी एक गाडी तुमच्या यादीत नाही, ती घाला. टाटाची अल्ट्रोझ रेसर, जून २०२४ मध्ये आलेली. १२० पीएस, १७० न्यूटन मीटर, सहा गिअर, ऑटोमॅटिकचा पर्यायच नाही. कमी चाललेली मिळाली तर बघा. क्लच आणि गिअर एन लाइनइतके मऊसूत नाहीत असं माझं मत आहे. पण तिची दारं नव्वद अंशांत उघडतात, आणि ते मी का सांगतोय ते आता येतंय.

त्याआधी मित्रांचा बंदोबस्त. गाडी घरी आल्याच्या आठवड्यात कुणीतरी सांगेल, सायलेन्सर बदल, काय घुमते बघ. नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल करायला मनाई आहे, वॉरंटी जाते, क्लेमच्या वेळी विमा कंपनीला हातात आयतं कारण मिळतं, आणि रात्री अकराला गल्लीत शिरताना तान्हं बाळ उठवल्याबद्दल शेजारीण जे बोलते ते वेगळंच. पैसे खर्च करायचेच असतील तर चार चांगले टायर घ्या.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. "तुमची हौस आहे, तुम्हीच चालवा." तुम्ही ते गमतीत लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं.

घरात एकच गाडी आणि ती चालवणारा एकच, हे रोजच्या गाडीचं सगळ्यात मोठं दुखणं. चार वर्षांपूर्वी मला डेंगी झाला. रात्री दीडला ताप १०४. गाडी दारात, टाकी भरलेली, आणि घरात चालवणारं कुणी नाही, कारण मीच दोन वर्षं बायकोला सांगत होतो, "हिचा क्लच जरा वेगळा आहे, तुला नाही जमायचं." शेजारच्या पोराने त्याच्या टेम्पोतून नेलं. बरा झाल्यावर पहिल्या रविवारी मी तिला चावी दिली. होम मैदानाच्या बाजूला तिने सात वेळा बंद पाडली. आठव्यांदा निघाली ती थेट मुलीच्या शाळेपर्यंत. आज गिअर माझ्यापेक्षा ती हळुवार टाकते, आणि पन्नास हजार किलोमीटर टिकलेल्या प्लेटचं निम्मं श्रेय तिचं आहे, हे मी मघाशी सांगायचं टाळलं. तेव्हा वहिनींना गाडी येत असेल तर टेस्ट ड्राइव्हला स्टिअरिंग त्यांच्या हातात द्या. येत नसेल तर गाडी घेण्याआधी शिकवण्याची बोली करा, आणि शिकवायला तुम्ही बसू नका. क्लास लावा. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवणं म्हणजे घरात नसलेलं भांडण विकत आणणं.

आणि आई. स्पोर्टी हॅचबॅकची सीट खाली असते. गुडघे दुखणाऱ्याला आत बसणं जमतं, धपकन बसता येतं. उठून बाहेर यायला जीव जातो. शोरूममध्ये आईला मागच्या सीटवर बसवून फोटो काढू नका, त्यांना दोनदा उतरायला लावा. आधी पाठ करून सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय आत घ्यायचे, उतरताना उलट. वर धरायला हँडल आहे का, दार पूर्ण उघडतं का, पाय बाहेर काढताना चप्पल दाराच्या कडेला अडकते का. तुळजापूरला उतरताना मागून रिक्षा हॉर्न मारत असते, तेव्हा आईला घाई होता कामा नये. एन लाइनमध्ये हे जमलं नाही आणि अल्ट्रोझमध्ये जमलं, तर मी वर लिहिलेलं मऊसूत क्लचचं विसरून जा.

तर ते राहिलेलं काम. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला तुम्हाला एकट्याला गुळगुळीत रस्त्यावर नेतील. तसे जाऊ नका. शनिवारी सकाळी नऊला गाडी घरी मागवा. थोडा आग्रह धरला की पाठवतात. आप्पा पुढे, आई मागे, वहिनी मागे किंवा चालवायला, आणि डिकीत तांदळाचं एक पोतं. तुमच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून न्या, मग सैफुलच्या गर्दीतून सात रस्त्यापर्यंत आणि परत. पोटाला घासली का ऐका. पाठ दुखली का आईला विचारा. आप्पा उतरल्यावर काय बोलतात तिकडे लक्ष देऊ नका, ते नावंच ठेवणार. ते गाडीभोवती एक चक्कर मारून मागच्या टायरला चपलेने हळूच ठोकतात का, तेवढं बघा. ठोकला, तर त्याच दुपारी जाऊन बुकिंग करून टाका.